अष्टापदाची वाट आणि पासपोर्टाचे जलरक्षण

प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी म्हणून अष्टापदाचे स्मरण आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो आहोत. सम्मेदशिखर, गिरनार, चंपापुरी आणि पावापुरी या अन्य निर्वाणभूमी आपल्याच देशात आहेत. मनात आले की यात्रिक तेथे निघू शकतो. परंपरेने कैलासाशी जोडल्या गेलेल्या अष्टापदाची वाट मात्र तिबेटात जाते. म्हणूनच तेथे निघालेल्या श्रावक-श्राविकांच्या सामानात जपमाळ आणि स्तोत्रांच्या पुस्तकाबरोबर एक गडद निळी पुस्तिकाही असावी लागते. जपमाळ राहिली तर बोटांच्या पेरांवर जप करता येतो. पासपोर्ट बिघडला तर मात्र कैलासाचे दर्शन सीमेवरच थांबते.

या पर्वताच्या कथेतही पाणी आहे. श्रीहेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त सगर चक्रवर्तींच्या साठ हजार पुत्रांची कथा येते. भरत चक्रवर्तींनी उभारलेल्या अष्टापदावरील मंदिराचे रक्षण व्हावे म्हणून त्यांनी पर्वताभोवती खोल खंदक खणला आणि त्यात गंगेचे पाणी वळवले. ते पाणी खाली नागलोकात शिरले, नागराज कोपले आणि सर्व पुत्र भस्मसात झाले. उद्देश रक्षणाचा होता. पण आणलेले पाणी पुढे कोठे जाईल याचा विचार झाला नव्हता. प्रवासाची पिशवी भरताना ही कथा आठवावी असे मला नेहमी वाटते, कारण यात्रिकाच्या पासपोर्टाला सर्वाधिक भय असते ते त्यानेच बरोबर घेतलेल्या पाण्याचे.

कैलासाकडे जाण्याचे मार्ग अनेक आहेत. भारत सरकारच्या वतीने होणारी यात्रा उत्तराखंडातील लिपुलेख आणि सिक्कीममधील नथू ला या खिंडींतून जाते. २०२० पासून खंडित झालेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. नेपाळमार्गे जाणारे यात्रिक केरुंगच्या रस्त्याने जातात किंवा नेपाळगंजहून विमानाने सिमिकोट, तेथून हेलिकॉप्टरने हिल्सा आणि मग कर्णाली नदी ओलांडून तिबेट असा मार्ग घेतात. यात्रेचा मुख्य काळ पावसाळ्याशी जुळतो. हिमालयाची दक्षिण बाजू त्या दिवसांत चिंब असते. ढग उतरले की लहान विमाने उडत नाहीत, यात्रिक दोन-दोन दिवस अडकतात, सामान उघड्या धावपट्टीच्या कडेला पडून राहते. जुलै २०२५ मध्ये केरुंगच्या मार्गावरील रसुवागढीचा सीमापूलच भोटेकोशीच्या पुरात वाहून गेला. पर्वतरांग ओलांडली की दृश्य पालटते. तिबेटचे पठार पर्जन्यछायेत असल्याने तेथील हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. तात्पर्य, पासपोर्ट सीमेवर दाखवायचा असतो त्याच्या आधीचे दिवसच सर्वांत ओले असतात.

आता या पुस्तिकेकडे जरा निरखून पाहू. भारतीय पासपोर्टाची पुस्तिका आपल्या महाराष्ट्रातच, नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. तिचा आकार १२५ गुणिले ८८ मिलिमीटर. जगभरातील पासपोर्टांसाठी ठरलेला हाच आकार आहे. छायाचित्राच्या पानावर तळाशी अक्षरे, अंक आणि बाणासारख्या खुणा असलेल्या दोन ओळी दिसतात. प्रत्येक ओळीत ४४ चिन्हे असतात आणि सीमेवरील यंत्र त्याच वाचते. या पानावर पारदर्शक थर चिकटवलेला असतो. वरून पडलेले थेंब तो थोपवतो. पण पाणी कडेने आत शिरले की थर सुटू लागतो, फुगे येतात, पान वाकते आणि यंत्राला ओळी लागत नाहीत. इतर पानांवरील शिक्क्यांची शाई पसरते, पाने एकमेकांना चिकटतात. नव्या ई-पासपोर्टात चिप आणि तिची सूक्ष्म तार असते. ओलावा आणि वाकणे या दोहोंपासून तिला जपावे लागते.

पासपोर्ट थोडा भिजला तर काय बिघडले, असे घरी बसून वाटते. हिल्साच्या वाटेवर ते तसे वाटत नाही. आमच्या संघात सांगलीकडील एक वयस्कर दांपत्य होते. सारे त्यांना काका-काकू म्हणत. काकू गाळलेले, उकळलेले पाणीच घेत आणि सूर्यास्तापूर्वी चौविहार करीत, त्यामुळे त्यांच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या नेहमी भरलेल्या. नेपाळगंजला त्यांनी एक नळीची बाटली अर्धी भरून पिशवीत ठेवली. तिच्या शेजारीच प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट होता. नेपाळगंज तराईच्या सपाटीवर आहे, तर सिमिकोट सुमारे २,९०० मीटर उंचीवर. वर जाताना बाहेरील हवेचा दाब उतरतो, बाटलीतील कोंडलेली हवा प्रसरण पावते आणि पाण्याला नळीवाटे बाहेर ढकलते. तेच झाले. प्लॅस्टिकच्या पिशवीचे तोंड वरच्या बाजूला उघडे होते. पाणी आत उतरले आणि प्लॅस्टिकमुळेच बाहेर पडू शकले नाही. रात्रभर पासपोर्ट त्या पाण्यात राहिला.

सकाळी हे लक्षात आले तेव्हा हेलिकॉप्टर दुपारी निघेल असे सांगितले जात होते. घाई होती. कोणीतरी सुचवले, म्हणून पासपोर्ट निवासगृहाच्या चुलीजवळ धरला गेला. पाने तासाभरात कोरडी झाली. पण उष्णतेने पारदर्शक थर आक्रसला आणि छायाचित्राचे पान पिंपळाच्या वाळक्या पानासारखे वळले. कर्णालीवरील पूल ओलांडून आम्ही पलीकडच्या तपासणी नाक्यावर पोहोचलो. तेथील अधिकाऱ्याने ते पान यंत्रावर तीन वेळा ठेवले, दाबून धरले, दुसऱ्या यंत्रावरही नेले. शेवटी त्याने मान हलवून पुस्तिका परत केली. त्यात कठोरपणा नव्हता आणि युक्तिवादाला जागाही नव्हती.

काकूंनी काकांना आग्रह केला, “तुम्ही तरी दर्शन करून या. इतक्या लांब आलात.” काका काही बोलले नाहीत. आपली पिशवी उचलून त्यांच्या शेजारी येऊन बसले. काकू थोड्या वेळाने म्हणाल्या, “क्षेत्रस्पर्शना नव्हती.” क्षेत्रस्पर्शना हा शब्द आपल्या घराघरांत बोलला जातो, घडले ते समतेने स्वीकारण्याचे बळ त्यात आहे. तरी पुढील यात्रिकांनी त्याचा आधार घेण्याची वेळ येऊ देऊ नये. जे टाळता येण्याजोगे होते ते कर्मावर ढकलणे आपल्या कर्मसिद्धांताला धरूनही नाही. पुरुषार्थालाही त्यात स्थान आहे.

तेव्हा पुरुषार्थ कोणता करावा? पासपोर्टासाठी घट्ट मिटणाऱ्या पट्टीच्या दोन पारदर्शक पिशव्या घ्याव्यात. पासपोर्ट पूर्ण कोरडा असताना तो पहिल्या पिशवीत ठेवून आतील हवा हाताने दाबून काढावी, पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने दाबावी आणि ही पिशवी दुसरीत उलट्या तोंडाने घालावी. हवा काढण्याला महत्त्व आहे. दमट हवा आत राहिली तर थंडीत तिचे दव होते, आणि परिक्रमेतील डोल्मा ला ही खिंड सुमारे ५,६०० मीटर उंचीवर आहे. औषधांच्या डब्यांत येणारी सिलिका जेलची पुडी आत टाकल्यास उरलेला ओलावा ती शोषते. पिशवी पारदर्शक असल्याने नाव दिसते आणि नाक्याखेरीज कोठेही पासपोर्ट बाहेर काढावा लागत नाही.

तो ठेवायचा कोठे, हा पुढचा प्रश्न. कमरेला बांधायच्या कापडी पट्ट्यात पैसे राहतात तसा पासपोर्टही राहील, अशी समजूत आहे. पण चढावर घाम येतो आणि अंगालगतचे कापड दिवसभर ओले असते. जाकिटाचा आतील, छातीवरचा खिसा त्याहून बरा. पाण्याची बाटली, तेलाची शिशी आणि ओले कपडे ज्या कप्प्यात असतील तेथे पासपोर्ट कधीही ठेवू नये. तेलाचा डाग पाण्यासारखा वाळत नाही. उंचीवर जाताना बाटल्यांची झाकणे मध्येच एकदा सैल करून पुन्हा लावावीत, म्हणजे आतील दाब निघून जातो. पासपोर्टाच्या आवरणाबाबत आपण चामडे वापरीत नाही, ते अहिंसेच्या विचाराने. व्यवहारातही ते हिताचेच आहे, कारण भिजलेले चामडे बराच काळ ओले राहते आणि आपला रंग पानांना लावते.

एक काळजी संघप्रमुखांनी घ्यावयाची आहे. सीमेच्या कामासाठी सर्वांचे पासपोर्ट गोळा करून एका पिशवीत ठेवण्याची पद्धत आहे. ती एक पिशवी भिजली तर सारा संघ अडतो. प्रत्येकाने पासपोर्ट देताना तो स्वतःच्या बंद पिशवीसकटच द्यावा आणि परत घेताना पिशवीची पट्टी तपासावी.

इतके करूनही पासपोर्ट भिजलाच, तर पहिली गोष्ट म्हणजे घाई न करणे. चूल, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र आणि कडक ऊन यांपासून तो दूर ठेवावा. वरचे पाणी स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्यावे, चोळू नये. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. सहज उघडतील त्या पानांमध्ये कोरे पांढरे कागद ठेवावेत. वर्तमानपत्र वापरू नये. त्याची शाई उतरते. कागद ओलसर झाले की बदलावेत आणि पासपोर्ट सावलीत, वाऱ्याच्या जागी वाळू द्यावा. पाने जवळजवळ कोरडी झाली की एखाद्या जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावीत, म्हणजे ती वळत नाहीत. यास एक-दोन दिवस लागतात. म्हणूनच पासपोर्ट रोज संध्याकाळी एकदा पाहण्याची सवय ठेवावी. बिघाड सीमेच्या आदल्या दिवशी कळण्यापेक्षा दोन दिवस आधी कळला तर उपाय करता येतो.

पासपोर्टाच्या रंगीत प्रती घरी, सहप्रवाशाकडे आणि भ्रमणध्वनीत असाव्यात. प्रत दाखवून सीमा ओलांडता येत नाही. परंतु दूतावासात अर्ज करताना ती फार उपयोगी पडते. परदेशात पासपोर्ट निकामी झाल्यास भारतीय दूतावास मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. नेपाळमार्गे जाणाऱ्यांनी निवडणूक आयोगाचे मूळ मतदार ओळखपत्र बरोबर ठेवावे. भारतीय नागरिकाला नेपाळच्या प्रवासासाठी ते चालते, आणि काका-काकू त्याच ओळखपत्रांवर काठमांडूहून सुखरूप घरी आले.

घरी आल्यावर खराब पासपोर्ट तसाच वापरण्याचा मोह टाळावा. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार ही पुस्तिका केंद्र सरकारची मालमत्ता असते. ती आपल्या हाती सांभाळण्यासाठी दिलेली असते. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ‘खराब झालेला पासपोर्ट’ असे कारण देऊन पुनर्वितरणाचा अर्ज करता येतो. ३६ पानांच्या पुस्तिकेचे नेहमीचे नूतनीकरण १,५०० रुपयांत होते. हरवलेल्या वा खराब झालेल्या पासपोर्टाच्या बदल्यात नवा घेताना ३,००० रुपये लागतात. रुपयांपेक्षा वेळेचे भान अधिक ठेवावे. यात्रेचे अर्ज ठरावीक मुदतीत भरायचे असतात आणि पासपोर्टाची वैधता निदान सहा महिने शिल्लक असावी लागते.

परतीच्या वाटेवरील एक सूचना राहिली. मानससरोवराचे जल अनेक जण लहान डब्यांत भरून आणतात. सरोवर सुमारे ४,६०० मीटर उंचीवर आहे. तेथे बंद केलेला डबा खाली उतरताना वाढत्या दाबाने चेपतो आणि झाकण कच्चे असेल तर शिवणीशी फुटतोही. तेव्हा जल भरलेला डबा कपड्यांच्या थैलीत स्वतंत्र गुंडाळावा, आणि पासपोर्ट छातीशीच असावा. घरचा उंबरठा ओलांडेपर्यंत यात्रा पूर्ण झालेली नसते, आणि त्या उंबरठ्याआधी आपल्या देशाची सीमाही ओलांडायची असते.

काका-काकूंनी नवे पासपोर्ट घेतले आहेत. ते आपापल्या पिशवीत, हवा काढून, पट्टी दाबून ठेवले आहेत असे त्यांनी परवाच कळवले. आपल्यापैकी जे कोणी येत्या उन्हाळ्यात अष्टापदाच्या दिशेने निघणार असतील, त्यांनी बांधाबांधीच्या यादीत औषधे आणि उबदार कपडे यांच्या बरोबरीने या दोन पिशव्यांची नोंद करावी. त्यांची किंमत एका नारळाहूनही कमी आहे.