दुधाचा हिशेब

‘मला बाई लिहिता येत नाही’ असं आपण किती सहज म्हणून टाकतो! शब्दांची श्रीमंती हवी, अलंकार हवेत, असं शाळेपासून मनात बसलेलं. पण इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ आठवून पाहा. 1949 साली त्याच नावाच्या संग्रहात आलेला लेख. सभेत त्यांची ओळख करून देतात : अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, पत्नी. तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. मग रस्त्यावरची पोरं त्यांना ‘वर्गातल्या मुलाची आई’ म्हणून ओळखतात आणि ओळख पुरी होते. आईपणावर व्याख्यान नाही; रस्ता आणि पोरं, बस्स.

आमची आई गेली त्याला दहा वर्षं झाली, म्हणून घरच्यांनी पुस्तिका काढायचं ठरवलंय. भावाचं पान आधी आलं. ‘प्रेमळ, कष्टाळू, त्यागमूर्ती.’ सगळं खरं हो, पण नाव बदललं तर शेजारच्या काकूंनाही चालेल! आणि आई गेल्यावर जन्मलेल्या माझ्या भाचीला आजी भेटणार ती या पानांतूनच.

मी ठरवलं, विशेषणं पालेभाजीसारखी निवडून टाकायची. डोळे मिटून बसले, तर सगळ्यांत आधी वास आला. आईच्या बोटांचा, हिंगाचा आणि पाचशेएक साबणाचा. मग तिचा राग : दुधासारखा भर्रकन वर येई, आच कमी केली की खाली. त्या दिवशी ज्यानं बोलणी खाल्ली असतील, त्यालाच पातेल्याची खरवड मिळायची. (धाकटा त्यासाठी मुद्दाम बोलणी खाई!)

आणि कॅलेंडर. रोजच्या चौकोनात ती दुधाचा हिशेब लिही. ‘1 लि.’, ‘1 लि.’, मध्येच खाडा. 1994 साली बाबा गेले, त्या महिन्यात तेरा चौकोन कोरे आहेत. चौदाव्यात तिच्याच अक्षरात, ‘अर्धा.’

एवढंच लिहिलं. तिला काय वाटलं असेल, ते मी नाही लिहिलं.

भाऊ म्हणाला, “अगं, दुधाचा हिशेब कसला छापायचा?” वहिनी काही बोलली नाही. कपाटाच्या तळातून तिनं ते कॅलेंडर काढून त्याच्यापुढे ठेवलं. बराच वेळ तो त्या पानावरून हात फिरवत बसला होता. आता म्हणतोय, माझ्या मजकुराशेजारी ते पानच छापू या.