दासीचे तळे

राणीताल, चेरीताल, अधारताल, हनुमानताल! जबलपुरातील वस्त्यांची ही नावे कानांवर पडली की परगावच्या माणसाला वाटते, हे शहर पाण्यावरच वसले असावे. एके काळी ते बऱ्याच अंशी खरे होते. गोंड राजांच्या अमदानीत गढ्याच्या परिसरात लहानमोठे इतके तलाव बांधले गेले की बावन्न तलावांचे गाव म्हणून त्याची ख्याती झाली. राणीताल हा राणी दुर्गावतीचा, अधारताल तिच्या अधारसिंह नावाच्या दिवाणाचा आणि चेरीताल तिच्या दासीचा, असे येथील जुनी माणसे सांगत आली आहेत. चेरी म्हणजे दासी. राणी दुर्गावतीला १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना वीरमरण आले. तिच्या शौर्याच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र त्या कथांइतकीच ही तळ्यांची कथा प्रिय आहे. राणीच्या तळ्याजवळच दासीच्या नावाचेही एक तळे असावे, ही कल्पनाच मनाला मोठी सुखावणारी आहे.

आता तुम्ही सहजच विचाराल, नर्मदेसारखी नदी जवळून वाहत असताना या तलावांची गरजच काय होती? याचे उत्तर जिने डोक्यावरून पाण्याच्या घागरी वाहिल्या आहेत अशा एखाद्या गृहिणीला विचारावे. नर्मदा शहराच्या दक्षिणेला, काही किलोमीटरांवर आहे. पर्वणीला ग्वारीघाटावर जाऊन स्नान करावे, नर्मदा जयंतीला प्रवाहात दिवे सोडावेत, हे सर्व खरे. परंतु रोज सकाळी भाताच्या आधणासाठी काही कोणी घाटावर धावत नाही. पावसाळ्याचे पाणी तळ्यात साठे, ते हळूहळू जमिनीत मुरे, आणि भोवतालच्या विहिरींना भर उन्हाळ्यातही पाझर राही. नर्मदा दर्शनाची होती. रोजची तहान भागवीत ती ही दाराशी असलेली तळीच.

संसारातील सुखाचेही असेच नाही का? मुलीचे लग्न, स्वतःचे घर, मुलाला लागलेली नोकरी, काशी-रामेश्वराची यात्रा, ही सुखे नर्मदेसारखी. ती मोठी खरी, परंतु त्यांचे दर्शन क्वचित घडते. अशा दोन पर्वण्यांच्या मधले जे शेकडो दिवस असतात, ते कशाच्या ओलाव्यावर काढायचे? आपल्यापैकी पुष्कळजण ते केवळ वाट पाहण्यात काढतात. मुले मोठी होऊ देत, मग निवांत बसू. घराचे हप्ते फिटू देत, मग चार ठिकाणे पाहू. निवृत्त झाल्यावर वाचू, गाऊ, बोलू. दिवस मात्र थांबत नाहीत. मुले मोठी होतात ती परगावी निघून जाण्यासाठी. आणि निवृत्तीनंतर वेळ मिळतो तेव्हा ज्याच्याशी बोलायचे तो माणूस समोर असतोच असे नाही.

आमच्या शहराला धावपळीची सवय जुनी आहे. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग १८७० साली येथेच पुरा झाला. १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनविणारा कारखाना निघाला, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना सुरू झाला. त्यामुळे येथील हजारो घरांचे घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांवर चालत आले आहे. रेल्वे, कारखाने, तारखाते आणि सरकारी कचेऱ्या यांच्यामागून जी मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली, त्यांतलेच आमचे एक. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते मला एखाद्या जंक्शनासारखेच भासले. यजमान पहाटेच्या पाळीला जाण्यासाठी उठत, मी शाळेत शिकवायला जाई, दीर रात्रपाळीहून परतत आणि मुलांच्या शाळेच्या वेळा आणखी वेगळ्या. एकाच्या ताटाचे खरकटे काढीपर्यंत दुसऱ्याचे पान मांडायचे. या साऱ्या गाड्यांना हिरवा कंदील दाखवीत सासूबाई दिवसभर स्वयंपाकघरात उभ्या असत.

अशा घरात सुखाला जागा कोठून मिळणार, असे तुम्हांला वाटेल. ती जागा सासूबाईंनी शोधून ठेवली होती, आणि तीही मटारांच्या ढिगात!

जबलपूर जिल्ह्याचा मटार विख्यात आहे. अलीकडे 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत या जिल्ह्याचे पीक म्हणून मटाराचीच निवड झाली. थंडी पडू लागली की बाजारात हिरव्या शेंगांच्या राशी लागतात आणि प्रत्येक घरात तो पिशव्या भरभरून येतो. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी खोलीच्या मध्यभागी जुने वर्तमानपत्र अंथरले जाई, त्यावर पाच-सात किलो शेंगा ओतल्या जात आणि जो कोणी त्या वेळी घरात असेल त्याने मांडी घालून बसायचे, असा सासूबाईंचा दंडक होता. पुरुषांना त्यातून सूट नव्हती. पहिल्या कोवळ्या शेंगा थेट तोंडात टाकायच्या. दाणे मोजून कोणाच्या शेंगेत नऊ निघतात हे पाहायचे. आणि सोलताना कोणी कोणाला उपदेश करायचा नाही, हा तिसरा नियम सर्वांत कडक होता.

वाचकहो, या लहानशा बैठकीत काय जादू होती ते मला पुष्कळ वर्षांनी उमगले. माणसे समोरासमोर बसवून "बोला" म्हटले तर बोलत नाहीत. परंतु हात कामात गुंतलेले असले, नजर खाली शेंगेवर असली, म्हणजे मनातले शब्द आपोआप बाहेर पडतात. कारखान्यातील ज्या गोष्टी यजमानांनी एरवी कधी घरी काढल्या नसत्या, त्या मी मटार सोलतानाच ऐकल्या. आमच्या थोरल्याने सहामाहीत गणितात नापास झाल्याची बातमी प्रथम फोडली तीही तेथेच. क्षणभर साऱ्यांचे हात थांबले. सासूबाईंनी त्याच्यापुढे शेंगांची आणखी एक ओंजळ सरकवली आणि म्हणाल्या, "आधी एवढ्या सोल बाळ. मग गणिताचे बघू." त्या संध्याकाळी कोणी त्याला रागे भरले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचे काका रात्रपाळीला जाण्यापूर्वी अर्धा तास त्याला गणित शिकवू लागले.

पाहा, या सुखासाठी वेगळा वेळ काढावा लागला नव्हता. मटार तर सोलायचेच होते. वेगळा पैसाही लागला नव्हता. करायचे होते ते एवढेच की एकटीने, घाईने, ओट्याशी उभे राहून उरकण्याचे काम सर्वांच्या मध्ये आणून ठेवायचे. अशी तळी शोधू लागले की घरोघरी सापडतात. हिवाळ्यात गच्चीवर ऊन खात पाठ शेकणे, श्रावणातल्या पावसात एका छत्रीतून भाजीला जाणे, महिन्याच्या पहिल्या तारखेला आणलेली आमच्या गावची ती काळसर, खव्याची जिलबी सर्वांत समान वाटून खाणे, रात्री दिवा मालवल्यावर अंधारात दहा मिनिटे मुलांशी बोलणे, यांतले काहीही पंचांगात सण म्हणून लिहिलेले नसते. वर्षे लोटल्यावर घराची आठवण म्हणून मुले सांगतात ती मात्र हीच.

हिंदीतील विख्यात कवयित्री सुभद्राकुमारी चौहान याच शहरात राहत असत. झाशीच्या राणीवरील त्यांची कविता देशभर पाठ झाली. झेंडा सत्याग्रहात आणि पुढे १९४२ मध्ये त्यांनी कारावास सोसला, पाच मुलांचा संसार केला, आणि १९४८ साली नागपूरहून जबलपूरला परतत असता मोटारीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. इतक्या धकाधकीच्या आयुष्यात निवांतपणा तो किती मिळाला असेल? तरीही त्यांची 'मेरा नया बचपन' ही कविता पाहा. हरवलेले बालपण आठवीत बसलेल्या आईपुढे तिची चिमुकली मुलगी येते. ती माती खात असते, आणि आईलाही खाऊ घालावी म्हणून थोडी माती हातात घेऊन आलेली असते. मुलाने माती खाणे ही कोणत्याही घरातली रोजची कटकट. एखादी आई तिला दटावून हात धुवायला नेईल, आणि ते योग्यही ठरेल. परंतु हात धुण्यापूर्वीच्या त्या एका क्षणात या आईला आपले बालपण परत भेटले. सुख आले ते रोजच्या कामाच्या वाटेनेच. त्याला ओळखणारी नजर तेवढी तेथे जागी होती.

येथे लेखणी थांबविली असती तर हा लेख गोड झाला असता; परंतु तो पुरता खरा झाला नसता. 'लहान गोष्टींत सुख माना' हा उपदेश आपल्याकडे बहुधा कोणाला केला जातो, याचा कधी विचार केला आहे का? जिच्या वाट्याला मोठ्या गोष्टी येत नाहीत, तिलाच तो केला जातो.

भेडाघाट आमच्या घरापासून वीसएक किलोमीटरांवर आहे. घरी पाहुणे आले की त्यांना धुवांधारचा धबधबा आणि संगमरवरी कडे दाखवायला नेणे हे जबलपूरकराचे कर्तव्यच होऊन बसते. सासूबाई चाळीस वर्षांत तेथे किती वेळा गेल्या असतील याची गणती नाही. पहाटे उठून त्यांनी पुऱ्या तळाव्यात, बटाट्याची भाजी करावी, डबे भरावेत, आणि पंचवटी घाटावर पोहोचले की सर्व मंडळींनी नावेत बसावे व सासूबाईंनी पिशव्या, चपला आणि पाण्याची भांडी सांभाळीत काठावर बसावे, असा क्रम ठरलेला होता. कोणी त्यांना मुद्दाम मागे ठेवीत नव्हते. "मी काय, नेहमीच येते. तुम्ही जाऊन या," असे त्या स्वतःच म्हणत, आणि सर्वांना ते सोयीचे वाटे.

एका हिवाळ्यात आमची सात वर्षांची मुलगी हट्टाला पेटली. आजी नावेत आली नाही तर मीही बसणार नाही, असे तिने सांगून टाकले. नावाडी खोळंबला, पाहुणे चुळबुळू लागले. शेवटी यजमान काही न बोलता खाली उतरले, पिशव्यांपाशी जाऊन बसले आणि त्यांनी आईला हात देऊन नावेत चढविले. तेथील नावाडी दोन्ही तीरांवरच्या कड्यांचे वर्णन यमके जुळवून, चेष्टामस्करी करीत ऐकवितात. त्या दिवशी सासूबाई त्या यमकांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या अशा हसतात हे मी तोवर पाहिले नव्हते. रात्री झाकपाक करताना मी विचारले, "काय आवडले हो आज सर्वांत?" मला वाटले, त्या दुधासारख्या कड्यांचे नाव घेतील. त्या म्हणाल्या, "आज कोणीतरी पिशव्या धरल्या गं."

सासूबाई आता नाहीत. परंतु ते वाक्य आमच्या घरात राहिले आहे. मटारांच्या बैठकीचे खरे रहस्यही त्या वाक्यातच आहे. ते काम एकट्या बाईवर पडले असते तर ते निव्वळ काम ठरले असते. सर्वांचे हात लागले म्हणून त्याचे सुख झाले. घरातील प्रत्येक सुखामागे कोणी ना कोणी पिशव्या धरून काठावर बसलेले असते. कोणीतरी बसावेच लागते, त्याला इलाज नाही. मात्र दर वेळी तेच माणूस बसत असेल, तर त्या सुखात कोठेतरी अन्याय मिसळला आहे असे समजावे. आता आमच्या घरी सहलीला निघताना नातवंडेच आधी विचारतात, "आज पिशव्यांची पाळी कोणाची?" आणि रविवारी दुपारचा चहा सूनबाईंनी करायचा नाही, हे मुलाने आपण होऊन ठरविले आहे. गोष्ट लहान आहे, हे मला ठाऊक आहे. ती पुष्कळ वर्षे आधी झाली असती तर बरे झाले असते, हेही ठाऊक आहे.

राणीतालच्या जागी आज क्रीडासंकुल उभे आहे. चेरीताल आता केवळ वस्तीचे नाव उरले आहे. तळी एका रात्रीत नाहीशी होत नाहीत. आज काठाला थोडी भर पडते, उद्या तेथे एक भिंत उभी राहते, आणि एके दिवशी नळाला पाणी आले नाही म्हणजे आठवण होते की येथे कधी तळे होते. घरातील लहान सुखेही अशीच बुजत जातात. मुलांची आणखी एक शिकवणी, कचेरीचा रात्री येणारा आणखी एक फोन, जेवताना ज्याच्या त्याच्या हातातला मोबाईल. यांतली प्रत्येक गोष्ट निरुपद्रवी आणि बहुधा आवश्यकच असते. भर मात्र पडत राहते.

म्हणून, वाचकहो, एखाद्या संध्याकाळी आपल्या घराकडे जरा या दृष्टीने पाहा. घरात कोणाकोणाच्या नावाचे तळे आहे? आजोबांचा वर्तमानपत्राचा तास, मुलांचे खेळणे, तुमचा मित्रांचा अड्डा, हे सारे मोजून झाले म्हणजे शोधा, जिच्या नावाचे एकही तळे नाही असे कोणी राहिले आहे का? राहिलेच असेल, तर उपदेश करू नका. तिच्या हातातल्या पिशव्या तेवढ्या घ्या.