प्रोसेसर बसूनच होता

लग्नसराईत आमच्या डीटीपीच्या दुकानात एकाच मशिनवर सगळं चालतं. कोरलमध्ये पत्रिका, ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब (नावांची यादी तिथेच येते आणि शेवटच्या क्षणापर्यंत तिथेच बदलत राहते), शिवाय प्रिंटर-स्कॅनरबरोबर परस्पर आलेले प्रोग्रॅम. विंडोज १०, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. दुपारनंतर ‘चि. सौ. कां.’ टाइप करावं आणि अक्षरं उमटायची वाट बघत बसावं.

शेजारच्या मोबाइलच्या दुकानातल्या पोराने टास्क मॅनेजर उघडला, ‘डीटेल्स’मध्ये गेला आणि बोट ठेवलं. सिस्टम आयडल प्रोसेस, सीपीयू ९१. ‘‘काकू, सगळं हाच खातोय. मारू का?’’ तो मारता येत नाही. प्रोसेसरला काम नसतं तो वेळ त्या नावावर मांडलेला असतो, एवढंच. म्हणजे मशिन रखडलेलं आणि प्रोसेसर चक्क बसून! का, ते ‘परफॉर्मन्स’मध्ये दिसलं. डिस्क १०० टक्के. रॅममध्ये मावेना ते विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवत होतं, लागलं की परत आणत होतं. फिरत्या डिस्कला ही ने-आण झेपत नाही.

रॅम साफ करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअरही पोराने टाकून दिलं होतं. बटण दाबलं की मेमरीचा आकडा झर्रकन खाली. बघायला बरं वाटायचं. पण कोरलवर परत क्लिक केलं की डिस्कची घरघर आधीपेक्षा जास्त, कारण बाहेर हाकललेलं सगळं पुन्हा वाचून घ्यावं लागे. उरलेल्या रॅममध्ये विंडोज नुकत्याच वापरलेल्या फाइली ठेवून देतं आणि कुणी जागा मागितली की लगेच सोडतं. ती मुद्दाम रिकामी करून काय मिळवायचं? ते सॉफ्टवेअर मी काढून टाकलं.

खरा फरक पडला तो ‘स्टार्टअप’च्या यादीने. लॉकडाऊनमध्ये घेतलेलं मीटिंगचं ॲप, सतत अपडेट शोधणारे प्रोग्रॅम, सगळे तिथून बंद केले. ब्राउझरचा मेमरी सेव्हर चालू केला. पडून असलेले टॅब आता झोपतात, व्हॉट्सॲपला तेवढी सूट. पुढे आणखी ४ जीबी रॅम टाकली.

स्कॅनरचा प्रोग्रॅम मात्र दिवसभर नुसता बसलेला असतो, तरी ठेवलाय. तो बंद केला की स्कॅनरवरचं बटण दाबून काहीच होत नाही, आणि आधार नाहीतर सातबारा घेऊन माणसं सारखी येत असतात.