खडकाला लावलेला कान

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी एके काळी जगातील अतिशय खोल खाणींत गणल्या जात. तेथील चँपियन रीफ खाणीत कामगार तीन किलोमीटरांहून अधिक खोल उतरत. सोन्याचा दगड काढून घेतला, की त्याने पेललेला भार शेजारच्या खडकावर पडे आणि एखाद्या क्षणी तो खडक तोफेसारखा फुटे. भुयाराची भिंत अंगावर येई. कित्येकांचे प्राण असे गेले. अनुभवी कामगार खडकाच्या कडकडण्यावरून धोका ओळखू पाहत. परंतु एवढ्या अफाट खडकापुढे माणसाचा कान तो केवढा!

पुढे १९७८ च्या सुमारास, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने, तेथे जिओफोनांचे जाळे पसरण्यात आले. जिओफोन मुठीत मावेल एवढा असतो. त्यात एक चुंबक असतो आणि स्प्रिंगांवर तोललेले तारेचे वेटोळे असते. खडक हलला, की चुंबक त्याच्याबरोबर हलतो. वेटोळे मात्र जागीच राहू पाहते. या ओढाताणीत तारेत वीज उत्पन्न होते. त्याला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. दमट, तापलेल्या खाणीत ही लहानसहान सोय नव्हे.

तथापि एकच यंत्र सर्वत्र उपयोगी पडत नाही. मोठी भेग सरकली म्हणजे नगाऱ्यासारखे संथ कंप उठतात आणि ते दूरवर जातात. बारीक तडा गेला तर झांजेसारखे जलद कंप उठतात. ते थोड्या अंतरावरच विरतात. अशा जलद कंपांसाठी त्वरणमापक चांगला. पण त्याला वीज लागते व तो जवळच बसवावा लागतो. अगदी संथ कंप टिपणाऱ्या जिओफोनच्या स्प्रिंगा फार नरम असतात. तो थोडा अधिक कलला तरी नीट चालत नाही. ताठ स्प्रिंगांचा जिओफोन कसाही बसवावा, परंतु खर्जातला स्वर त्याला नीट ऐकू येत नाही. तेव्हा किंमत विचारण्याआधी, आपणांस ऐकावयाचे काय आहे, हे खाणीच्या अभियंत्याने स्वतःला विचारलेले बरे.

यंत्रांच्या जागाही तितक्याच विचाराने ठरवाव्या लागतात. कठीण खडकातून कंप सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावतात. कोणत्या यंत्रापाशी ते किती आधी पोहोचले, यावरून खडक कोठे फुटला ते काढतात. सर्व यंत्रे एकाच मजल्यावर मांडली, तर फुटीची खोली नीट उमगत नाही. शिवाय भुयाराची भिंत आधीच तडकलेली. म्हणून भोक पाडून यंत्र आत, अखंड खडकात, सिमेंटने पक्के करतात. ते सहसा पुन्हा बाहेर निघत नाही. निवड चुकली, तर ती चूकही तेथेच गाडली जाते!

खडक उद्या कोणत्या घटकेला फुटेल, हे यंत्र सांगत नाही. खडक कोठे अस्वस्थ आहे एवढे ते दाखविते आणि त्या बाजूची माणसे वेळीच हलविता येतात.

कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. उपसा थांबला, भुयारांत पाणी चढू लागले. माणसे निघून गेल्यावरही खालचा खडक हादरतच राहिला आणि ते हादरे यंत्रांवर उमटत राहिले.