आवाजांच्या गावी

नळस्टॉपवरून लॉ कॉलेज रस्त्याला वळले, की वाहनांच्या कर्ण्यांखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. शेजारून चालणाऱ्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. अशा रस्त्यावर ऐकण्याची विद्या शिकवणारी शाळा असावी, हा खास पुणेरी विनोदच म्हणायचा. जवळच प्रभात रस्ता आहे. तिथल्या सदनिकांचे भाव पुष्कळांना तोंडपाठ असतात; रस्त्याला हे नाव कुठून मिळाले ते मात्र सांगावे लागते. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली, वीस वर्षे गाजली आणि १९५३ मध्ये बंद पडली. तिच्याच आवारात १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. टेलिव्हिजनचे शिक्षण पुढे तिला येऊन मिळाले.

या आवारात मी गेलो तो हौसेने नव्हे, एका बापाचा वकील म्हणून. माझी एक विद्यार्थिनी मराठी घेऊन बी. ए. झाली आणि एम. ए. ला न येता इथे ध्वनिमुद्रण शिकायला गेली. वडील वाईचे, बँकेतून निवृत्त झालेले. पाहुण्यांनी विचारले की त्यांची पंचाईत होते. मुलगी डॉक्टर झाली, वकील झाली, असे सांगता येते; ‘आवाज करायला शिकते’ हे कसे सांगावे? याच संस्थेत शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ध्वनीसाठीच ऑस्कर मिळाले, हे मी त्यांना ऐकवून पाहिले. ते म्हणाले, “सर, लॉटरी कुणाला तरी लागतेच. बाकीच्यांचं काय होतं ते बघून या.”

म्हणून गेलो. फाटकावरच्या वहीत नाव-गाव लिहून आत शिरलो आणि पन्नास पावलांत रस्ता मागे पडला. प्रभातचे जुने प्रचंड चित्रीकरणगृह अजून उभे आहे. जवळच एक आंब्याचे झाड आहे. त्याच्या पारावर बसून पिढ्यान्पिढ्यांनी सिनेमावर वाद घातले, म्हणून त्याला इथे ज्ञानवृक्ष म्हणतात. १९६० नंतरच्या दशकात इथे शिकवणारे ऋत्विक घटकही या झाडाच्या आख्यायिकांत शिरले आहेत. त्यांच्या ‘मेघे ढाका तारा’मध्ये नायिकेच्या दुःखाच्या क्षणी चाबकाचा फटकारा ऐकू येतो. चाबूक कुठेच दिसत नाही, पण वळ आपल्या पाठीवर उठतो. “आम्हांला पहिल्या महिन्यातच ते ऐकवतात,” आमची विद्यार्थिनी म्हणाली.

मला स्वतःला अधिक अगत्य वाटले ते दामल्यांचे. विष्णुपंत दामले मूळचे पडदे रंगवणारे; चित्रपट बोलू लागल्यावर प्रभातचे ध्वनिमुद्रण त्यांनी अंगावर घेतले. तेव्हा आवाज फिल्मवर उजेडाच्या रेघेने उमटत असे. ती फिल्म धुऊन येईपर्यंत काय मुद्रित झाले ते कळत नसे, आणि चुकले तर पुसण्याची सोय नव्हती. आज ही मुलगी संगणकावर एकच ठोका वीसदा पुढे-मागे सरकवते. दामल्यांना तो सरळ उतरवावा लागे. हाच गृहस्थ पुढे फत्तेलालांच्या जोडीने ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करतो, हे वाचून माणसाने काही काळ गप्प बसावे.

आणि ‘कुंकू’! ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून शांतारामबापूंनी १९३७ साली या आवारात तो केला. त्यात पार्श्वसंगीत नाही. जरठाशी फसवून लग्न लावलेली मुलगी त्या घरात वावरते आणि आपल्याला ऐकू येतात ते घरातलेच आवाज. भिंतीवरचे घड्याळ चालते आहे एवढ्यानेच जीव गुदमरतो. चित्रपट बोलू लागून इथे फार वर्षे झाली नव्हती. आवाज सापडल्याच्या आनंदात सगळेजण वाद्ये वाजवत सुटले असताना वाद्ये खाली ठेवण्याचे धैर्य पुण्यातल्या लोकांनी दाखवले. आपण पुणेकर नको त्या गोष्टींचा अभिमान बाळगतो. हा बाळगायला हरकत नाही.

आमच्या विद्यार्थिनीपुढे पेच पडला होता तोही हाच. अभ्यासासाठी केलेल्या पाच मिनिटांच्या एका चित्रपटाचा आवाज तिच्याकडे आला होता. जुन्या वाड्यात एकटी राहणारी म्हातारी संध्याकाळी उठते, दिवा लावते, दार बंद करते. बस, एवढीच गोष्ट. हिने त्यावर हौसेने बासरी घातली. शिक्षकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “बासरी काढ, आणि म्हातारी उरते का बघ.” बासरी काढली तर काहीच उरेना. तिला दोन रात्री झोप आली नाही.

मग तिने मला एक खोली दाखवली. तिथे जमिनीचेच चौकोन पाडलेले: एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात लाकूड. कोपऱ्यात जुन्या चपलांचा ढीग. मंगल कार्यालयाच्या दारात असतो तसाच; नवी चप्पल मात्र एकही नाही. पडद्यावर माणूस चालतो तसे इथे कुणी तरी त्याच्या तालावर चालायचे. अमेरिकेतल्या जॅक फोली नावाच्या गृहस्थाने ही कला रूढ केली, म्हणून तिचे नावच फोली. घोड्याच्या टापा नारळाच्या करवंट्यांच्या, हे आपल्याला ठाऊक असते. माणसाच्या पावलांचीही अशीच नक्कल करावी लागते, हे मला नवे होते. चित्रपटाच्या २४ चौकटी सेकंदाला सरकतात. एक चौकट सरकेपर्यंत हवेतला आवाज सुमारे १४ मीटर जातो. पाऊल टेकले आणि आवाज तीन-चार चौकटी मागाहून आला, तर प्रेक्षकाला चूक सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. “विश्वास उडू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम,” ती म्हणाली. नवलकथेवरची माझी व्याख्याने याहून लांब असतात.

आणखी एक चमत्कारिक रीत ऐका. चित्रीकरण आटोपले, की ध्वनिमुद्रक सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो आणि अर्धा-एक मिनिट नुसती शांतता टिपून घेतो. त्यांच्या बोलीत ‘रूम टोन’. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते. ती नसेल तर दोन वाक्यांच्या मधे आवाजाला भोक पडते. पंचवीस-तीस माणसे श्वास आवरून उभी, आणि ही पोर कानांवर हेडफोन लावून शांतता गोळा करते आहे, हे चित्र मी वडिलांना फोनवर सांगितले. पलीकडे बराच वेळ रूम टोन होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. म्हातारीच्या वाड्याबाहेरची पेठ ऐकू यायला हवी, असे तिचे म्हणणे. पेशवाईत कोकणातून येऊन वसलेले हे कारागीर. एके काळी घरोघर बंब-घंगाळे होती तेव्हा ही आळी दिवसभर घुमत असे. आता थोडेच हातोडे उरले आहेत, आणि घंगाळ बैठकीत शोभेला जाते. मठारकाम मात्र जुन्याच रीतीने चालते: तयार भांड्यावर एकाशेजारी एक असे ठोके, त्यानेच तांबे कणखर होते आणि त्यावर ती लखलखीत नक्षी उमटते. हिने माइकची काठी पुढे केली. एका वृद्ध कारागिराला त्याची गंमत वाटली. जन्मभर ठोके ऐकून त्यांचे कान मंदावलेले. आवाज पुरता वाढवून हिने हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. डोळे मिटून ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “हा माझा नाही. पलीकडच्या घरातला आहे. पत्रा पातळ आहे त्याचा.” तिने उपकरणावर पाहिले, ते खरोखरच पलीकडच्या ओट्यावर टिपलेले होते. त्या आळीत जन्म काढलेल्या माणसाला हा विषय तीन वर्षे शिकावा लागत नाही.

ठोके मिळाले. म्हातारीचा दिवा लागला, काडी ओढल्याचा आवाज जमला, पदराची सळसळसुद्धा जमली. अडले दारापाशी. तयार आवाजांच्या संग्रहांत शेकडो दारे असतात. पण ती कुणा साहेबाच्या बंगल्याची, मोटारीची, फ्रीजची. जाड लाकडी दार, कुरकुरणारी बिजागरी आणि शेवटी कडी कोयंड्यावर पडल्याचा तो खणका तिला हवा होता. शनिवारात, सदाशिवात आम्ही चार दिवस हिंडलो. जिथे मला वाडा आठवत होता तिथे सात मजले आणि पहारेकरी होता. एका ठिकाणी वाडा सापडला, पण दाराला कुलपाची आधुनिक कळ. दुसऱ्या ठिकाणी कडी होती आणि मालकांचा कोर्टात दावा चालू होता. त्यांना आमचा माइक प्रतिपक्षाचा वाटला.

त्या रात्री वडिलांचा फोन आला. झालेला खर्च, नोकरीची शक्यता, हे नेहमीचे विचारून झाले. मी दाराची हकीगत सांगितली. ते म्हणाले, “एवढंच ना? आमच्या परसदाराला आजोबांच्या वेळची कडी आहे. असला आवाज करते की आळी जागी होते. रविवारी तिला तिची पेटी घेऊन पाठवा.” जरा थांबून म्हणाले, “शनिवारी मी बिजागऱ्यांना तेल घालून ठेवतो. पोरीची गैरसोय नको.”

मी हे तिला सांगितले, तर ती ताडकन उठली. “सर, अण्णांना आत्ताच्या आत्ता फोन लावा! तेल घालू नका म्हणावं!”