‘क्लास’ या रकान्यापुढे

आमच्या घरातील पत्र्याच्या पेटीत आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, सैन्यातून मुक्त झाल्याचे पुस्तक आहे. त्यातील ‘क्लास’ या रकान्यापुढे एकच शब्द लिहिलेला आहे : महार. विद्यार्थिदशेत वर्गसिद्धान्ताचे वाचन चालू असताना तो रकाना प्रथम लक्षपूर्वक पाहिला, तेव्हा मला हसू आले होते. सैन्याच्या परिभाषेत ‘क्लास’ म्हणजे उत्पादनसंबंधांतील स्थान नव्हे. जात, धर्म, प्रदेश आणि तथाकथित वंश यांची सरमिसळ करून वसाहतकालीन प्रशासनाने पाडलेला भरतीचा तो कप्पा होता. त्या एका शब्दात एक संपूर्ण समाजशास्त्र साठवलेले आहे, हे पुढे उमगले.

मुंबई इलाख्याच्या सैन्यात महारांची भरती जुनी. १ जानेवारी १८१८च्या लढाईचे स्मारक असलेल्या कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी नावे कोरलेली आहेत. या सैन्याने वेतनाबरोबर अक्षरओळखही दिली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावात ज्याची सावली टाळली जाई, त्याला पलटणीत हुद्दा मिळू शके आणि त्या हुद्द्याला सलामही मिळे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ वंशां’चा सिद्धान्त प्रबळ झाला. १८८५ ते १८९३ या काळात भारताचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते. शौर्य हा रक्ताचा गुण ठरला आणि १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्या संस्थेने जातीचा काच काहीसा सैल केला होता, तिनेच आता जातीला वंशशास्त्राची मोहोर दिली.

या घटनेनंतरचे अर्ज आपण सामाजिक इतिहासाची साधने म्हणून वाचतो. एक वाङ्मयप्रकार म्हणून त्यांचे वाचन क्वचितच होते. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४मध्ये भरतीबंदीविरुद्ध जो अर्ज तयार केला, त्यात महार हे मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा आहे. त्यांच्या संस्थेचे नावही पाहावे : ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’. येथे परिहार कशाचा अभिप्रेत आहे? अनार्यांवर लादलेल्या दोषाचा, की अनार्य असणे याच दोषाचा? समासाचा विग्रह दोन्ही प्रकारे संभवतो आणि ही संदिग्धता मला केवळ व्याकरणाची वाटत नाही. ज्या भाषेत नकार आला, त्याच भाषेत उत्तर देणे अर्जदाराला भाग असते. वंशाच्या कसोटीवर नाकारला गेलेला माणूस त्या कसोटीला हात न लावता आपण तिला उतरतो एवढेच सिद्ध करू पाहतो. त्याने तसे करू नये, असे निरापद अंतरावरून म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तो मला तर मुळीच नाही. १९४१मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि आबा तिच्यात दाखल झाले. आमच्या गावात खुर्चीवर बसणारे महारवाड्यातील ते पहिले गृहस्थ. पाटलासमोरही ते ताठ उभे राहत. त्या ताठपणाचा मला आजही अभिमान आहे. पण साठीच्या दशकातील एक सकाळ विसरता येत नाही. गावकीची कामे आणि मेलेली जनावरे ओढण्यात जन्म गेलेले त्यांचे थोरले चुलतभाऊ मुंबईच्या मुलाला पत्र लिहून घ्यायला आले होते. ते सवयीने वाकून ओट्याखाली बसले. “आधी सरळ उभा राहा. माणसासारखं बोलायला शीक, मग कागद काढतो,” आबा म्हणाले. वडीलधाऱ्या भावाला ‘दादा’ म्हणण्याची रीत त्यांनी सोडली होती. चुलत आजोबा उभे राहिले. त्यांचे गुडघे थरथरत होते. मी, सात-आठ वर्षांचा, दारात उभा राहून हसलो. पत्र लिहिले गेले की नाही, हे मला आठवत नाही. हसलो एवढे आठवते.

आबा दुष्ट नव्हते. सैन्याने त्यांना माणसाचे मोल मोजण्याचे एक नवे माप दिले होते : पाठीचा कणा, बोलण्याची पद्धत, कपड्यांची घडी. गावाच्या मापापेक्षा ते निःसंशय न्याय्य होते, कारण ते कमावता येत होते. परंतु ज्यांना ते कमावण्याची संधीच मिळाली नाही, त्यांच्यावर ते दोषारोपासारखे कोसळत होते. पहिल्या महायुद्धात, १९१७मध्ये, उभी केलेली १११वी महार पलटण १९२१मध्ये बरखास्त झाली. १८९२ ते १९४१ या काळातील हे अल्प अपवाद वगळता चुलत आजोबांच्या पिढीला तो दरवाजा बंदच होता. आबांच्या डोळ्यांत मात्र ती उणीव इतिहासाची नव्हती, स्वभावाची होती. ‘लढाऊ’ आणि ‘बिनलढाऊ’ यांतील रेषा आता एकाच भावकीतून गेली होती.

आंबेडकरांनी सैन्यभरतीचा आग्रह धरला. आणि १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेची वांशिक उपपत्तीही साफ नाकारली. संधी मागायची, पण ती ज्या सिद्धान्ताने अडवली तो स्वीकारायचा नाही, ही भूमिका अर्जाच्या भाषेपलीकडची आहे. आबांच्या टोपीवरील बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. त्या स्तंभावरील नावे मी अनेकदा वाचली आहेत. चुलत आजोबांचे नाव मात्र कोणत्याही दगडावर किंवा रकान्यात नाही. माझ्या वाचनाला ते कोठून सुरू करावे, हे तेच सांगतात.