मटार, मुद्दे आणि शाळेची घंटा

जॅक्सन हाइट्स, क्वीन्स

प्रिय सुमे,

काळा मसाला पोचला. वाटेत कुणीतरी पाकीट फोडून, हुंगून परत चिकटपट्टी मारली होती. शिंकून बेजार झाला असेल मेला.

मी या वयात संध्याकाळच्या लेखनवर्गाला जाते, हे फोनवर सांगितलंच होतं. विषय आपला आपण निवडायचा होता. मी इथल्या पोलिसांचा ‘स्टॉप अँड फ्रिस्क’ घेतला: रस्त्यात थांबवायचं, अंग चाचपायचं, बहुतेकांना सोडून द्यायचं. थांबवलेला माणूस बहुधा काळा, नाहीतर हिस्पॅनिक. चार पानं एका बैठकीत खरडली, डोळ्यांत पाणी आणून. बाईंनी परत दिली तेव्हा समासात एवढंच होतं: हे ज्याला पटत नाही, तो वाचून काय म्हणेल?

तसा माणूस घरातच होता की! रविवारी मटार सोलता सोलता ह्यांना पोलिसांचं वकीलपत्र दिलं आणि वाचायला लागले. 2004 पासून 2012 च्या मध्यापर्यंत न्यूयॉर्कात 44 लाख वेळा लोकांना थांबवलं, त्यांत 52 टक्के काळे, आणि शहराच्या लोकसंख्येत काळे 23 टक्के. हे म्हणाले, “बरं, मग? तक्रारी जिथून येतात तिथेच पोलीस जाणार. लोकसंख्येशी कसली तुलना करतेस, संशयितांशी कर.” माझी बोलतीच बंद. हा आकडा म्हणजे लेखाचा कणा होता गं, आणि चार शेंगा सोलून व्हायच्या आत मोडला.

मग 2013 चं निकालपत्र काढून बसले. फ्लॉइड खटला, न्यायाधीश शायरा शाइंडलिन. बघते तर शहराच्या वकिलांनी हुबेहूब ह्यांचाच मुद्दा मांडलेला! त्यावर न्यायाधीशबाईंचं म्हणणं असं, की थांबवलेल्या शंभरांतल्या 88 जणांना ना अटक झाली, ना समन्स मिळालं. म्हणजे थांबवलेले बहुतेक लोक निर्दोष. मग त्यांची तुलना गुन्हेगारांशी करायचीच कशाला? शिवाय शस्त्र सापडण्याचं प्रमाण बघ. काळ्यांना शंभर वेळा थांबवलं की 1, गोऱ्यांना थांबवलं की 1.4. गोऱ्याला थांबवायला पोलिसाला काहीतरी दिसावं लागत होतं, काळ्याच्या बाबतीत त्याहून कमी चालत होतं, असा मी याचा अर्थ लावते. पोलिसांच्या फॉर्मवर कारणांचे चौकोन असत, त्यांत एक ‘चोरट्या हालचाली’. चोरट्या म्हणजे कशा? आपण दोघी साडीच्या किमतीची चिठ्ठी उलटून बघतो, तशा?

हे सगळं घातल्यावर ह्यांनी मान हलवली. पण पुढचा परिच्छेद वाचला आणि पुन्हा अडवलं. मी लिहिलं होतं: 2011 साली जवळपास 6 लाख 86 हजार वेळा थांबवलं, खून 515, 2017 साली थांबवणं 11-12 हजारांवर आलं, खून 292, म्हणजे थांबवणं कमी केल्यामुळेच खून घटले. “आणि 2020 साली 468 झाले, ते कशामुळे?” म्हणाले. ज्या काठीने मी मारणार, तीच माझ्या पाठीत. आता एवढंच ठेवलंय, की थांबवणं सोडलं तर रक्ताचे पाट वाहतील असं सांगत होते, तसं पुढच्या काही वर्षांत झालं नाही. मुद्दा बारीक झाला, पण आता तो कुणी हिसकावून घेणार नाही.

‘वर्णद्वेष्टे पोलीस’ सहा ठिकाणी होतं, सहाही काढले. प्रत्येक शिपायाच्या मनात विष होतं, हे मी कुठून सिद्ध करू? आणि पोलिसांना थांबवायचा हक्कच नाही, हे माझं वाक्य तर साफ चूक. रास्त संशय असेल तर थांबवता येतं, हे इथल्या सुप्रीम कोर्टाने 1968 सालीच मान्य केलंय.

ऊर बडवणारी पानं गेल्यावर मलाच लेख कोरडा वाटायला लागला. आणि रात्री एकदम आपल्या शाळेची घंटा आठवली. गेली म्हटल्याबरोबर हवालदार थेट ओढ्यापलीकडच्या पारध्यांच्या पालावर गेला. ना कुणी बघितलं होतं, ना कुणी नाव घेतलं होतं. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला होता, पण हवालदाराला कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. त्या म्हाताऱ्याला चावडीवर बसवून ठेवलं, आणि घंटा निघाली तांबटाकडे, हेडमास्तरांनीच तडा सांधायला पाठवलेली. आपण दोघी खिडकीतून बघत होतो. आपल्यालाही तोच चोर वाटला होता ना?

हे घालायचंय. पण मला तो दोन रात्री चावडीत होता असं आठवतं, आणि फोनवर तू मागे एकदा एकच म्हणाली होतीस. तुझ्या भावाला विचार, तो तेव्हा रोज दूध घालायला चावडीवरून जायचा. मंगळवारपर्यंत कळव, बुधवारी पानं द्यायची आहेत. नाहीच कळलं तर ‘बसवून ठेवलं’ एवढंच लिहीन.

तुझी,
कुंदा